बसकी गाडी, रुंद रिम: वागळे इस्टेटच्या पट्ट्यातील एका कारागिरीचा इतिहास

मोटारीच्या चाकाची रुंदी आणि ऑफसेट ही दोन मापे आज अलॉय व्हीलच्या पाठीवर ओतूनच येतात. ‘१५ × ७ जे, ईटी ३५’ असा मजकूर असेल, तर व्यास १५ इंच, रुंदी ७ इंच आणि ऑफसेट ३५ मिलिमीटर. गाडी खाली बसवून तिला रुंद चाके घालण्याची हौस असलेला माणूस हे आकडे विचारतच दुकानात शिरतो. ठाण्याची वागळे इस्टेट आणि तिच्या पुढेमागे पसरलेला कुर्ल्यापासून डोंबिवलीपर्यंतचा कारखानी पट्टा यांत मोटारीचे काम सुरू झाले, त्या काळात असे तयार आकडे मिळत नसत. तेव्हा ऑफसेट घडवावा लागे: लेथवर रिम कापायची, मधली तबकडी सरकवायची आणि पुन्हा वेल्डिंग करायचे. घडवण्याकडून निवडण्याकडे झालेला हा प्रवास या पट्ट्यातील गाड्या, टायर आणि यंत्रे यांच्या बदलांशी घट्ट बांधलेला आहे.

रिमची रुंदी म्हणजे टायरच्या दोन कडा जिथे बसतात त्या दोन बैठकींमधले अंतर. रिमला बाहेरून पट्टी लावली, तर माप साधारण इंचभर जास्त भरते. जुन्या रिम विकत घेताना या फरकाने अनेकांची फसगत होते. ऑफसेट म्हणजे रिमच्या बरोबर मध्यातून जाणारी रेषा आणि हबवर टेकणारा तबकडीचा तळ यांमधले अंतर. तळ मध्यरेषेच्या बाहेरच्या अंगाला असेल, तर ऑफसेट अधिक. चाक गाडीच्या पोटात शिरते. तळ आतल्या अंगाला असेल, तर ऑफसेट उणा. चाक बाहेर येते आणि समोरून खोल परातीसारखे दिसते, ज्याला दुकानात डीप डिश म्हणतात. ही दोन मापे कधीच सुटी वाचता येत नाहीत. रुंदी वाढवली आणि ऑफसेट तसाच ठेवला, तर वाढ आत आणि बाहेर निम्मी-निम्मी वाटली जाते. ऑफसेटही बदलला, तर वाटणी बदलते. गाडी खाली बसवली की कमानीखालची मोकळी जागा आधीच आटलेली असते, त्यामुळे ही वाटणी मिलिमीटरपर्यंत मोजावी लागते.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा जन्म वागळे इस्टेटमध्येच झाला. १ ऑगस्ट १९६२ रोजी मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखाली इथे झालेल्या छोटेखानी समारंभाने महामंडळाच्या कामाला आरंभ झाला. ठाण्यात कारखाने त्याआधीही होते. रेमंडची लोकर गिरणी १९२५ ची. पण आखलेले भूखंड, क्रमांक दिलेले रस्ते आणि लहान उद्योजकाला परवडणाऱ्या शेड ही या वसाहतीची देणगी. रोड नंबर १६, २२, २८ असे पत्ते ठाणेकरांच्या तोंडी बसले, आणि परिसरातले नाके नितीन कंपनी, कॅडबरी, कोरस अशी कंपन्यांची नावे घेऊन उभे राहिले. मोठ्या कारखान्यांभोवती त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या लहान शेड वाढल्या. लेथ, ड्रिल, शेपर, वेल्डिंगचा संच आणि हाताखाली दोन-चार माणसे एवढ्यावर अशी शेड चाले. इस्टेटमधल्या शासकीय आयटीआयमधून टर्नर, फिटर, मशिनिस्ट आणि वेल्डर बाहेर पडत. आयटीआय सर्कल हे नाव तिथूनच आले. मोटारीच्या रिममध्ये फेरफार करायला जी यंत्रे आणि जे हात लागतात, ते सगळे इथे दुसऱ्याच कामासाठी आधीपासून जमलेले होते. ही गोष्ट महत्त्वाची आहे, कारण शोभेच्या मोटारकामाचा वेगळा धंदा उभा राहण्याआधी हे काम अशाच साध्या मशीन-शेडच्या आधाराने होत असे.

मध्य रेल्वेच्या एकाच मार्गावर या कामाला लागणाऱ्या इतर गोष्टीही ओळीने होत्या. कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या या कंपनीतून १९४७ पासून डॉज, प्लिमथ आणि फार्गो गाड्या निघू लागल्या आणि पुढच्या दशकात फियाट आल्या. भांडुपला सिएटचा टायर कारखाना, १९५८ पासूनचा. मग ठाणे आणि वागळे इस्टेट. पुढे डोंबिवलीच्या बाहेर कल्याण-शीळ मार्गावर प्रीमियरचाच दुसरा कारखाना; १९९४ नंतर प्युजो ३०९ तिथे बनली, आणि प्रीमियरचे नाव कोळेगावच्या मैदानाला आजही चिकटून आहे. कुर्ल्याचा सीएसटी रोड जुन्या गाड्या आणि सुटे भाग यांचा बाजार म्हणून ओळखला जातो. म्हणजे गाडी, टायर, जुनी रिम आणि लेथ हे सगळे लोकलच्या काही स्टेशनांच्या अंतरात सापडत असे.

या पट्ट्याची गाडी म्हणजे फियाट ११००. १९५४ मध्ये आलेल्या तिच्या गोलसर रूपाला मुंबईत ‘डुक्कर फियाट’ हे नाव मिळाले. १९६४ मध्ये डिलाइट आली, सत्तरच्या दशकात तिचीच प्रीमियर प्रेसिडेंट आणि मग प्रीमियर पद्मिनी झाली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपात पद्मिनी ऑक्टोबर २०२३ अखेरीपर्यंत रस्त्यावर होती. तिला ५.२०-१४ मापाचे टायर असत, म्हणजे सव्वापाच इंचांहूनही अरुंद. एवढ्या बारीक टायरवर गाडी उंच आणि हडकुळी दिसे, वळणावर एका अंगावर कलत असे. तिला बसकी आणि रुंद करावी, असे हौशी लोकांना वाटले, ते केवळ दिसण्यापायी नव्हते. रस्त्यावरची पकडही त्यांना हवी होती.

पद्मिनीला खाली बसवण्याची तऱ्हा तिच्या बांधणीतून ठरे. पुढे प्रत्येक चाकाला स्वतंत्र विशबोन आणि कॉइल स्प्रिंग. तिथे स्प्रिंगचा वेढा कापला जाई. मागे दोन्ही चाकांना जोडणारा अखंड ॲक्सल आणि त्याला पाटे. तिथे पाट्यांची कमान उतरवावी लागे किंवा पाटा आणि ॲक्सल यांच्यात ठोकळा घालावा लागे. पुढची चाके वर दबताना थोडी आत कलतात आणि टायरचा माथा फेंडरपासून दूर जातो. मागच्या अखंड ॲक्सलला ही सोय नाही. दोन्ही बाजूंनी सारखा दाब आला, तर चाक सरळ वर जाते. एका बाजूचे चाक खड्ड्यावरून गेले, तर ॲक्सल तिरका होऊन टायर कमानीच्या कडेवर येतो. म्हणून अशा गाडीत रिम किती रुंद करायची, हे मागची कमान ठरवत असे. पुढे जागा दिसते म्हणून चारही रिम सारख्या रुंद केल्या, की मागे भार पडताच टायर घासू लागे.

पोलादी चाक दोन तुकड्यांचे असते: बाहेरचा घेर आणि मधली तबकडी. रुंद करण्यासाठी चाक लेथवर धरून घेर गोल कापला जाई, मध्ये पत्र्याचा पट्टा घालून दोन्ही बाजूंनी वेल्डिंग केले जाई. पट्टा कुठे घातला, यावर ऑफसेट ठरे, आणि या कारागिरीचे मर्म इथेच होते. समजा दीड इंचाचा, म्हणजे सुमारे ३८ मिलिमीटरचा पट्टा बाहेरच्या अर्ध्यात घातला. घेराची आतली कड जागची हलत नाही. सगळी वाढ बाहेर जाते. मध्यरेषा १९ मिलिमीटर बाहेर सरकते आणि ऑफसेट तेवढाच कमी होतो. तोच पट्टा आतल्या अर्ध्यात घातला, तर ऑफसेट १९ ने वाढतो आणि चाक आत शिरून ब्रेकच्या नळीला किंवा सस्पेन्शनच्या भागांना भिडू शकते. दुसरी वाट म्हणजे तबकडीचे जुने वेल्ड सोडवून ती घेरात पुढे किंवा मागे बसवायची. त्यात रुंदी तीच राहते, ऑफसेट तेवढा बदलतो. टर्नरला ‘ऑफसेट’ हा शब्द माहीत असण्याची गरज नव्हती. ‘आतून जागा ठेव, बाहेर काढ’ एवढे सांगितले तरी काम होई.

खरे कसब पुढे लागे. वेल्ड थंड होताना धातू ओढतो आणि घेर लंबगोल होतो किंवा डुलू लागतो. चाक लेथवर किंवा हबवर फिरवून डायल गेज लावायचा, उंचवटा ठोकून बसवायचा, पुन्हा फिरवायचे. डोल राहिला, तर तो वेगात स्टिअरिंगमध्ये जाणवतो. घाईने केलेल्या रिमला वेल्डच्या कडेला केसाएवढी भेग पडे, आणि ती भेग भारी गाडीत धोकादायक ठरे. त्या काळचे टायर ट्यूबचे असल्यामुळे वेल्डमधल्या बारीक छिद्रांनी हवा गळत नसे. ट्यूब ती धरून ठेवी. नायलॉनच्या क्रॉसप्लाय टायरच्या उंच भिंतीही बऱ्याच चुका पोटात घेत. ही कारागिरी टिकली ती या दोन गोष्टींच्या बळावर. जेके टायरने १९७७ मध्ये भारतात रेडियल टायर आणला, पुढे मोटारींत रेडियल सार्वत्रिक झाले, आणि नव्या शतकात ट्यूबलेस टायर आले. ट्यूबलेस टायरमध्ये रिम हीच हवाबंद भांड्याची भिंत. तिथे कापून जोडलेला घेर चालत नाही. रिम रुंद करण्याचे काम मोटारींतून मागे पडले, त्याचे मुख्य कारण अलॉयची फॅशन नसून ट्यूबलेस टायर हे आहे.

अलॉयचा उगम मात्र खूप मागे जातो. १९२४ मध्ये लिऑनच्या ग्रांप्री शर्यतीत बुगाटीची टाइप ३५ ही गाडी ओतीव ॲल्युमिनियमची चाके घेऊन उतरली. पुढे शर्यतीच्या गाड्यांना मॅग्नेशियमची हलकी चाके आली, आणि मुंबई-ठाण्यात ॲल्युमिनियमच्या चाकालाही मॅगव्हीलच म्हटले जाऊ लागले. ओतीव चाकाचा गुण असा की तळ, घेर आणि आरे एकाच साच्यातून येतात, त्यामुळे ऑफसेट साच्यातच ठरून जातो. त्याची मर्यादाही तीच. पोलादी रिमची तबकडी सरकवता येई; ओतीव चाकाचा तळ फार तर थोडा छिलता येतो, आणि छिलला की तळाची जाडी आणि ताकद कमी होते. उलट बाजूने चाक बाहेर काढायचे, तर स्पेसर, म्हणजे हब आणि चाक यांच्यात घालायची चकती, हा एकच मार्ग उरतो. पाच मिलिमीटरचा स्पेसर घातला, की ईटी ४५ चे चाक ईटी ४० सारखे बसते; पण स्टडवर नटाचे आटे तेवढे कमी धरतात. लांब स्टड न बदलता जाड स्पेसर लावणे हा या सगळ्या व्यवहारातला सर्वांत वाईट शॉर्टकट आहे.

१४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० आली आणि चाकांचे गणित लहान झाले. १२ इंची चाके, १४५/७० आर १२ चा टायर, उंची सुमारे ५०८ मिलिमीटर. पुढे मॅकफर्सन स्ट्रट; म्हणजे स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकाच उभ्या नळीवर, टायरच्या आतल्या भिंतीला लागूनच. पद्मिनीत आत जागा असे, मारुतीत ती स्ट्रटने खाल्ली. या गाडीला १३ इंची अलॉय घालणे ही नव्वदच्या दशकातली सर्रास हौस. त्यावर १५५/६५ आर १३ टायर चढवला, तर उंची सुमारे ५३२ होते, म्हणजे त्रिज्या १२ मिलिमीटरने वाढते. स्प्रिंग कापून गाडी ३० मिलिमीटर खाली आणली असेल, तर कमानीची फट या दोहोंमुळे ४२ ने आटते, गाडी प्रत्यक्षात १८ च खाली जाते, आणि स्पीडोमीटर ६० दाखवत असताना वेग जवळपास ६३ असतो. गाडी बसकी करण्याचा आणि चाक मोठे करण्याचा हेतू असा एकमेकांच्या विरोधात जातो. १७५/५० आर १३ टायर घेतला, तर उंची ५०५ वर येते आणि ही अडचण सुटते. फक्त रिम तेवढी रुंद हवी आणि मग गाठ पुन्हा ऑफसेटशी.

१९९१ नंतर कंपन्या वाढल्या आणि १९९८ मध्ये सँट्रो, इंडिका, सिटी या गाड्या एका वर्षात आल्या. वेगवेगळ्या घरांच्या गाड्या म्हणजे वेगवेगळी पीसीडी, अर्थात बोल्टच्या वर्तुळाचा व्यास. मारुती ८०० चे चार नट ११४.३ मिलिमीटरच्या वर्तुळावर. सिटी, सँट्रो आणि इंडिका यांचे १०० वर. सप्टेंबर २००१ मध्ये कुर्ल्याच्याच कारखान्यातून फियाट पालिओ आली. तिचे ९८ वर. दोन मिलिमीटरचा हा फरक डोळ्याला दिसत नाही. १०० चे चाक ९८ च्या हबवर चढते आणि बोल्ट आवळतातही, पण प्रत्येक बोल्ट आपल्या शंकूत एक मिलिमीटर वाकडा बसतो, भार एका कडेवर घेतो आणि चालता चालता सैल होतो. हबच्या मधल्या भोकाचेही असेच: सुझुकीचे ५४.१, होंडाचे ५६.१, फोक्सवॅगनचे ५७.१, फियाटचे ५८.१. बाजारातली अलॉय अनेक गाड्यांना चालावी म्हणून मोठ्या भोकाची येते. मध्ये कडे घातले नाही, तर चाक हबवर न टेकता नुसत्या नटांवर लटकते. रुंदी आणि ऑफसेट अचूक निवडूनही या दोन मापांकडे दुर्लक्ष झाले, की स्टिअरिंग थरथरते आणि दोष अलाइनमेंटवर ढकलला जातो.

तयार चाक निवडण्याची रीत अशी घडत गेली, की आधी कारखान्याने दिलेल्या चाकाची मापे घ्यायची आणि नव्या चाकाची त्यांच्याशी वजाबाकी करायची. मूळ रिम ५.५ जे, ईटी ४५ आहे असे धरू. हबच्या तळापासून तिची आतली बैठक सुमारे ११५ मिलिमीटर आत, बाहेरची २५ बाहेर. नवी ७ जे, ईटी ३५ घेतली, तर आत १२४ आणि बाहेर ५४. म्हणजे आत नऊ मिलिमीटर जागा जाते, बाहेर तब्बल २९. उंच गाडीत हे २९ खपून जातात. बसक्या गाडीत कमानीची कड टायरवर येते. ७ जे मध्येच ईटी ४५ घेतले, तर वाढ आत आणि बाहेर १९-१९ होते. बाहेर सुटका होते, पण स्ट्रटशी भिडण्याची पाळी येते. म्हणून बसक्या गाडीसाठी बहुतेक वेळा साडेसहा इंचांच्या आसपासची रुंदी आणि मूळ आकड्याच्या जवळचा ऑफसेट हाच शहाणा मेळ ठरतो. सात-साडेसात इंचांची हाव धरली, की कमानीची कड आत मुडपणे, पुढे कॅम्बर (चाकाचा आतला कल) वाढवणे, टायर अरुंद घेऊन ताणणे अशी एकामागून एक कामे निघतात.

टायरलाही स्वतःची मर्यादा आहे. १८५/६० आर १५ साठी मान्य रुंदी ५ ते ६.५ इंच, १९५/५५ आर १५ साठी ५.५ ते ७. रुंद रिमवर अरुंद टायर ताणून बसवला, की भिंत तिरकी होऊन कमानीला जागा मिळते, पण रिमची कड उघडी पडते. घोडबंदर रस्त्यावर पावसाळ्यात पाण्याखाली दडलेला एक खड्डा ती वाकवायला पुरेसा असतो. ऑफसेट खूप कमी केला, की चाक बाहेर येऊन व्हील बेअरिंगवरचा भार वाढतो, आणि ब्रेक लावताना किंवा एक चाक खड्ड्यात जाताना स्टिअरिंग हातात ओढ खाते. मूळ आकड्यापासून फार दूर न जाण्याचे खरे कारण हे आहे. कमानीला घासणे ही त्यातली लगेच कानाला कळणारी खूण, एवढेच. चाचणी नुसत्या उभ्या गाडीवर होत नाही. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवून, मागे माणसे बसवून आणि एक चाक जॅकने पूर्ण वर दाबून फट पाहावी लागते.

वागळे इस्टेटमधल्या अनेक शेड आता राहिल्या नाहीत. त्यांच्या जागी आयटी कंपन्यांच्या इमारती, मोटारींच्या शोरूम आणि सर्व्हिस सेंटर आली. मोटारीच्या चाकाशी लेथचा संबंध मात्र नव्या रूपात टिकून आहे: वाकलेली अलॉय हायड्रॉलिक जॅकने सरळ करून, ओरखडे काढण्यासाठी तिचा चेहरा लेथवर छिलला जातो, ज्याला डायमंड कट म्हणतात. जुन्या टर्नरची सवय इथे तपासून घ्यावी लागते. पोलाद तापवून ठोकता येते. ओतीव ॲल्युमिनियमच्या चाकाची ताकद कारखान्यात दिलेल्या उष्णता-प्रक्रियेतून आलेली असते आणि गॅसच्या ज्योतीवर तापवले की ती उतरते. तडा गेलेल्या आऱ्याला वेल्डिंग करून ते चाक रस्त्यावर आणणे कोणत्याही बचतीच्या हिशेबात बसत नाही.

चाकांच्या तपासणीसाठी आता ठरलेले निकष आहेत. वळणावरचा वाकवणारा भार, उभा भार आणि आदळण्याचा आघात अशा तिन्ही चाचण्यांतून रिम जावी लागते. १९६६ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी त्या होतात. मोटारींच्या अलॉय चाकांसाठी आयएस १६१९२ हे भारतीय मानक आहे आणि २०२० च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशाने रिमवर मानक चिन्ह सक्तीचे केले. लेथवर रुंद केलेल्या रिमला या व्यवस्थेत स्थान नाही. गाडीतल्या फेरबदलांवर मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ लागू होते. ९ जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येणार नाही. त्याच वर्षी १ सप्टेंबरपासून लागू झालेल्या कलम १८२ अ नुसार परवानगी नसलेल्या फेरबदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.